अरे

सौद्याच्या दिवशी नऊच्या सुमाराला
माझ्या वहीतला सात अर्धा होतो.
उजवीकडून करवतीच्या दात्यांचा उजेड सरकत येतो
आणि तवनाप्पा शेटच्या नावातला ‘प्पा’ कुरतडतो.
मी लिहीत राहते. वीस मिनिटं असतात हातात.
तेवढ्यात हिटणीची, नूलची, निडसोशीची पोती
वजनासकट चढवून घ्यायची.
मग डावं कानशील.

आई अर्धशिशी म्हणायची,
दिवस उगवायच्या आत दुधात बुडवून जिलबी चारायची.
हुक्केरीचे डॉक्टर म्हणाले, अरेतलेनोवु.
कन्नडात अरे म्हणजे अर्धं, हे लग्नानंतर कळलेलं मला,
तरी त्या दिवशी टेबलापलीकडून
कुणी हाकच मारली असं वाटलं.
अरे,
आणि मी मागं वळून पाहिलं.

त्रिशला बेळगावला फार्मसी शिकते.
रविवारी आली तेव्हा रद्द झालेल्या पट्टीच्या पाठीवर
तिनं माझं डोकं काढलं. कांद्यासारखं आलं.
मेंदू स्वतः दुखत नाही गं, दुखतं त्याच्यावरचं पांघरूण.
एक नस आहे, तीन फाट्यांची: कपाळ, गाल, जबडा.
तिच्या टोकातनं सुटतं हे पेप्टाइड,
सदतीस मणी एका दोऱ्यात.
रक्तवाहिनीला जाऊन सांगतं, रुंद हो.
ती होते.
म्हणजे निरोप्या, मी म्हटलं.
निरोप्याच, पण दार उघडलं तरी थाप मारायचं थांबत नाही.

आणि मिरची?
ती जरा गप्प बसली.
तिखटाची किल्ली ज्या कुलपाला लागते
ते कुलूपही त्याच नसेच्या टोकावर, म्हणाली.
उघडलं की हेच मणी बाहेर.
सव्वीस वर्षं मी गल्ल्यामागं बसते
लाल धुळीत, नाकाला पदर लावून.
तिची फी त्याच धुळीतनं गेली.
हे आम्ही दोघीही बोललो नाही.

बाळव्वा माझ्याहून जास्त मिरची हाताळते,
देठ खुडून खुडून नखं केशरी झालीत;
तिला काही होत नाही.
तिच्याही डोक्यात हेच मणी आहेत म्हणे.
लोकांना टोचून पाहिलंय:
कुणाचं डोकं नुसतं जड झालं, चहा पिऊन कामाला लागले,
कुणी माझ्यासारखे
अंधारात भिंतीला कपाळ लावून.
निरोप तोच. घरं वेगळी.

आता मण्यांना वाटेतच अडवणारी सुई निघालीय,
महिन्याला एक.
किंमत ऐकून मी मनात भागाकार केला:
एक पोतं, चांगल्या संकेश्वरीचं, देठासकट.
नोकरी लागली की घेऊ, त्रिशला म्हणाली.
मी म्हटलं, आधी लागू दे.

दुपारी गोदामाच्या मागच्या अंगाला
रिकाम्या गोणपाटांवर मी आडवी होते.
बाळव्वा दार ओढून घेते, काही विचारत नाही.
बाहेर लिलाव दोन भाषांत,
आकडे मात्र दोन्हींत ओरडूनच.
आत कपाळाचा फाटा ठणकतो.
मी मणी मोजायला लागते.
एकोणीस, वीस, मराठीत सुरू केलेलं
कुठंतरी इप्पत्तोंदु होतं.
सदतिसाच्या आधी नेहमी उलटी येते.

संध्याकाळी वही उघडते.
अक्षर माझंच, ओळ उजवीकडे उतरलेली.
शेट विचारतात, हिटणीची किती पोती?
बघते. दोनावर सात आहे, की एक?
सत्तावीस म्हणू की एकवीस?
बाळव्वा कंदील घेऊन उठते.
चला, म्हणते, मोजू.